मऊ चाकांची अट

गाडीनं संयुक्ताला तिसऱ्यांदा नमस्कार केला आणि तिसऱ्यांदाच जागची हलायला नकार दिला.

"आपल्या वाहनाची चाकं मूळ नोंदीशी जुळत नाहीत. विमासंरक्षण थांबवलं आहे. आपला दिवस सुखाचा जावो."

"सुखाचा कसा जाईल गं बये?" संयुक्ता स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटून म्हणाली.

मागच्या सीटवरून जुई म्हणाली, "आई, ओरडू नकोस. तिला वाईट वाटेल."

जुईला गाडीचंसुद्धा वाईट वाटायचं. सहा वर्षांची होती ती, पण बघणाऱ्याला तीन-साडेतीनची वाटायची. तिची हाडं जन्मतःच ठिसूळ होती. दुसरी मुलं पडतात, धूळ झटकून उठतात. जुईला नुसती जोरात शिंक आली तरी संयुक्ताचा श्वास अडकायचा. आतापर्यंत सात हाडं मोडून जुळली होती. सातवं हाड, उजव्या मांडीचं, याच गाडीत मोडलं होतं. जुईचा बाबा अभिनंदन गाडी चालवत होता. वेग दहाचाही नसेल. ऊसवाहू ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यात एक खड्डा आला, गाडी धाडकन आदळली आणि मागून एक बारीकसा आवाज आला. त्यानंतर अभिनंदननं जुई आत असताना गाडी चालवायला घेतली नव्हती.

ही गाडी त्यानंच हौसेनं निवडली होती. सतरा इंची चकचकीत रिम आणि त्यावर पट्टीएवढं रबर. दिसायला देखणी, पण रस्त्यावरचा खडा न् खडा आतल्या माणसाच्या मणक्यापर्यंत पोचवणारी. टायरवाले इलियासभाई मुल्लाणी म्हणाले होते, "वहिनी, ह्यो सगळा दिसायचा खेळ हाय. गादी म्हंजे रबराची भिंत. रिम बारीक करा, रबर जाड करा. बाहेरनं चाक तेवढंच राहील, पण खड्डा आला की रबर दबंल, गाडी आदळायची न्हाई." त्यांनी पंधरा इंची रिमवर जाड टायर बसवून दिले. पहिल्याच फेरीत जुई झोपली. गाडीत झोपण्याची तिची ती पहिलीच वेळ.

"विमा कंपनीला कळवायला लागेल का?" संयुक्तानं विचारलं होतं.

"मोठी चाकं घातली तर कळवायचं वो. तुम्ही बारीक केलाय की! त्यास्नी काय त्रास?"

इथंच दोघांचं चुकलं.

त्या सुमाराला गाड्यांच्या विम्याचं सगळं गणित चाकांवर येऊन ठेपलं होतं. पूर्वी लोक परस्पर चाकं बदलायचे, अपघात झाल्यावर सर्व्हेअरच्या लक्षात यायचं, दावा नाकारला जायचा आणि भांडण कोर्टात वर्षानुवर्षं कुजायचं. कंपन्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. चाक बदललं की ब्रेक लागायचं अंतर बदलतं, वळणावरची पकड बदलते. मग कुणीतरी शोधून काढलं की प्रत्येक चाकाला स्वतःचा सूर असतो. रिकाम्या घागरीत फुंकर मारली की ती घुमते, तशी टायरमधली हवा रस्त्यावरून फिरताना घुमते; रिमचं वजन आणि रबराची जाडी यांवर तो सूर ठरतो. चाकाच्या मधोमध कागदाएवढी पातळ पट्टी बसवली की ती हा सूर सतत ऐकते. चार पावलं ऐकून घरातलं कोण आलं हे आपण ओळखतो, तसं ती चाक ओळखते. आणि नव्या कायद्यानुसार विमा नसलेली गाडी जागची हलूच शकत नव्हती. अपघातानंतर नको, आधीच अडवा. कागदावर ते किती शहाणपणाचं दिसत होतं!

फक्त हे यंत्र शिकलं होतं ते आजवरच्या चाकबदलूंकडून. आणि ते बहुतेक सगळे विशीतले, रुंद टायर लावून बायपासवर गाड्या उडवणारे.

"आपली नोंद 'वेगप्रिय' गटात झाली आहे," कंपनीचा मदत-आवाज फोनवर म्हणाला.

"अहो, मी तीसच्या वर गाडी नेत नाही! तुमच्याकडं नोंद असेल की."

"आहे. वेगप्रिय गटातले चालक तपासणीच्या काळात मुद्दाम हळू चालवतात, असं आढळून आलं आहे."

संयुक्तानं फोन उशीखाली ठेवला आणि उशीवर बुक्की मारली.

"होईल गं काहीतरी," अभिनंदन म्हणाला. तो कुपवाडच्या फौंड्रीत होता. दिवसभर वितळलेलं लोखंड बघून त्याला कशाचीच घाई वाटेनाशी झाली होती.

"होईल होईल म्हणू नकोस. मी केल्याशिवाय या घरात काही होत नाही."

आणि तिनंच केलं. सात आठवडे अर्ज, डॉक्टरांची पत्रं, हाडांचे फोटो. एकदा कंपनीनं गाडीचा एक्स-रे मागितला आणि जुईच्या मांडीचा फोटो 'वाहनाशी संबंधित नाही' म्हणून परत पाठवला. त्या सात आठवड्यांत जुईची शाळा बुडाली, कोमट पाण्याच्या हौदातले व्यायाम बुडाले. ती खिडकीशी बसून बाहेर उभ्या असलेल्या गाडीला गोष्टी सांगायची.

शेवटी मंजुरी आली. 'वैद्यकीय चाक' असा एक गट नियमांत होता, फक्त आजवर कुणी मागितला नव्हता. संयुक्तानं पेढे आणले. पत्राचं दुसरं पान तिनं पेढा खाऊन झाल्यावर वाचलं.

'सदर चाकांवर वाहन केवळ लाभार्थी आसनस्थ असतानाच चालवता येईल. लाभार्थीचे नोंदवलेले वजन : ११.५०० किलो. मान्य फरक : अर्धा किलो.'

"ठीक आहे की," अभिनंदन म्हणाला. "तिच्यासाठीच तर वापरायची आहे."

ठीक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी संयुक्तानं जुईला शाळेत सोडलं. ताईंच्या हातात अलगद दिलं, टाटा केला, गाडीत येऊन बसली आणि गाडी चालू होईना.

"लाभार्थी आसनावर नाही."

"ती शाळेत आहे. शाळेत सोडायलाच आणली होती ना गाडी!"

"लाभार्थी आल्यावर आपण प्रवास सुरू करू शकता."

"म्हणजे एक वाजता? मला दहाला मेडिकलमध्ये उभं राहायचंय!"

"आपला दिवस सुखाचा जावो."

संयुक्ता फार्मासिस्ट होती. विश्रामबागेतल्या एका मेडिकलमध्ये दहा ते एक काम करायची. दिवसातले ते तीनच तास असे होते, की तिला कुणी 'जुईची आई' म्हणत नसे. ते तास तिला जपायचे होते. तिथून ती रिक्षानं गेली, रिक्षानं परत आली, आठवडाभर असं केलं, मिळकतीहून भाडंच जास्त होतंय हे बघितलं, आणि शनिवारी मार्केट यार्डातल्या शांतिनाथकाकांच्या ओट्यावर जाऊन बसली. काका गुळाचे अडते. तिच्या सासऱ्यांचे जुने दोस्त.

"जय जिनेंद्र. तोंड का असं?"

तिनं सगळं सांगितलं. काका ऐकून घेत होते आणि त्यांची नजर मागं रचलेल्या गुळाच्या ढेपांकडं, रव्यांकडं जात होती.

"साडेअकरा किलो," ते म्हणाले. "म्हणजे दहाचा एक रवा, एकाचा एक, आणि वर अर्ध्याची भेली."

"काका!"

"मी काय बोललो? मी गुळाचं बोललो. माझा धंदाच तो."

अशी गाडीत गुळाची स्वारी सुरू झाली. डिकीत एक पोतं असायचं. जुईला सोडलं की गूळ मागच्या सीटवरच्या तिच्या खुर्चीत बसवायचा, पट्टा लावायचा आणि निघायचं. गाडी काहीही कुरकुर न करता चालायची. जुईला हे कळलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या (हळूच, तिला सवय होती) आणि गुळाचं नाव 'भेलीताई' ठेवलं.

"भेलीताईला पट्टा लावलास ना? तिला लागेल हं."

"तिला काही लागत नाही बाई. ती फुटली तर खायची."

"मी फुटले तर?"

संयुक्तानं आरशातून मागं बघितलं. जुई हसत होती, विनोद केल्यासारखी.

"तुला जोडायचं," ती म्हणाली. "सात वेळा जोडलंय. माझा हात बसलाय आता."

सगळं सुरळीत होतं असं नाही. उन्हात गूळ पाझरला, सीटच्या शिवणीत मुंग्यांनी वसाहत केली, सिग्नलला शेजारच्या गाडीतली एखादी बाई पट्टा लावलेल्या गुळाला देव समजून हात जोडायची. पण संयुक्ता दहाला मेडिकलमध्ये पोचत होती आणि जुई शाळेत. चार महिन्यांत एकही हाड मोडलं नाही.

मग दिवाळीची सुट्टी आली, तीन आठवडे गाडी अंगणात उभी राहिली आणि सुट्टीनंतरच्या पहिल्याच सोमवारी जुईच्या सलाईनची तारीख होती. हाडांना बळ देणारं ते औषध तिला दर तीन महिन्यांनी मिरजेच्या हॉस्पिटलात जाऊन दिवसभर घ्यावं लागे. अकराची वेळ. चुकली तर पुढची तारीख महिन्यानं, आणि औषधाचा जोर ओसरला की हाडं आणखी ठिसूळ. अभिनंदननं रजा काढली होती.

साडेनऊला संयुक्तानं जुईला खुर्चीत बसवलं, पट्टे लावले.

"आसनावरील वजन लाभार्थीच्या नोंदीशी जुळत नाही."

"काय?"

"आसनावर लाभार्थी नाही."

"ही आहे! हीच लाभार्थी आहे!" संयुक्ता मागं वळून बोटानं दाखवत ओरडली. गाडीला दिसत असल्यासारखी. "चार महिने गुळाला घेऊन फिरलीस, आणि आता माझी पोरगी तुला ओळखू येईना?"

पडद्यावर आकडा होता : १२.६४०.

तिनं जुईची पाण्याची बाटली काढली. स्वेटर काढला. बूट काढले. १२.११०. मान्य फरकाच्या एकशे दहा ग्रॅम पलीकडं.

"आई, मला थंडी वाजतेय."

"रिक्षा?" अभिनंदन म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला. मिरज रोडवरून रिक्षात. ॲम्ब्युलन्स एकदा करून बघितली होती. तिची चाकं दगडासारखी होती. तो गाडीला एक फेरी मारून आला. डिकी उघडली. पोतं तिथंच होतं.

"संयू, हे बघ. गूळ ठेवू खुर्चीत. मी जुईला मांडीवर घेतो. हळू जाऊ. दहा किलोमीटर तर आहे."

संयुक्तानं त्याच्याकडं बघितलं. गाडी चालली असती. सव्वादहाला ते मिरजेत असते. गूळ खुर्चीत पट्टे बांधून, आणि जुई बिनपट्ट्याची, बापाच्या हातांत. समोर एखादं कुत्रं आडवं आलं असतं, ब्रेक लागला असता, आणि त्याच्या हातांनीच तिला आवळलं असतं.

"मग भेलीताई माझ्या जागेवर, आणि मी?" जुईनं विचारलं.

"नाही," संयुक्ता म्हणाली.

"मी घट्ट धरतो गं."

"तेच तर." आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन ती थांबली. अभिनंदनचा चेहरा त्या खड्ड्याच्या दिवशी होता तसा झाला होता. तिनं त्याचा हात धरला. "अभी, तुझ्यावर अविश्वास नाही रे. पण माझी मुलगी डिकीतल्या मालासारखी नको, आणि माल तिच्यासारखा नको. बास झालं. मी माणूस मागते."

तीनदा नकार मिळाला की माणसाशी बोलायचा हक्क कायद्यानं दिला होता. तिनं गाडीला तिसऱ्यांदा चालू व्हायला सांगितलं, नकार घेतला आणि बटण दाबलं. बावीस मिनिटं सनई वाजली. मग पडद्यावर एक गृहस्थ उगवले, कानटोपी घातलेले, चष्मा कपाळावर. नाव गवाणकर.

"बोला मॅडम." ते खाली बघून नोंद वाचत होते. "वैद्यकीय चाक. अरे वा, आमच्याकडं हे एकच आहे. तुम्हीच का त्या?" मग त्यांच्या भुवया चढल्या. "मॅडम, एक विचारू? मुलीचं वजन अर्ध्या फेऱ्यांना अकरा-चारशे, अकरा-सहाशे, असं वरखाली आहे. उरलेल्या फेऱ्यांना बरोब्बर अकरा-पाचशे. ग्रॅमचा फरक नाही. त्या फेऱ्यांना ही मुलगी श्वाससुद्धा घेत नाही का?"

अभिनंदननं काचेबाहेरून मान हलवली. बोलू नकोस.

"ती मुलगी नव्हती," संयुक्ता म्हणाली. "गूळ होता."

"काय होता?"

"गूळ. दहाचा रवा, एकाचा रवा, आणि अर्ध्याची भेली. मुलीला शाळेत सोडल्यावर परत यायला तुमचा नियम मला येऊ देत नव्हता. म्हणून."

गवाणकरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मॅडम, याला आम्ही खोटी नोंद म्हणतो. मी आत्ताच्या आत्ता मंजुरी रद्द करू शकतो."

"शकता. पण ऐका. तुम्हाला फोन न करता मला आज जाता आलं असतं. गूळ खुर्चीत, मुलगी मांडीवर. तुमच्या यंत्राला काही कळलं नसतं, उलट त्यानं सुखाचा दिवस चिंतला असता. मी ते केलं नाही. आज अकराला तिचं औषध आहे. आज जी मागं बसलीय ती खरी आहे, आणि खरीला तुमची गाडी नेत नाही."

"नमस्कार काका," जुई मागून म्हणाली. "मी खरी आहे."

गवाणकरांनी पुन्हा खाली नोंदीत बघितलं. मग खाकरले. "वजन बदलायचं तर डॉक्टरांचा दाखला लागतो."

"डॉक्टर मिरजेत आहेत! तिथंच तर जायचंय!"

"ओरडू नका हो, मी वाचतोय... 'किंवा शासनाची मोहोर असलेला प्रमाणित काटा.' असा काटा जवळपास आहे?"

शांतिनाथकाकांचा काटा तीन गल्ल्यांवर होता. काका तो हातगाडीवर घालून स्वतः घेऊन आले, धापा टाकत, वजनमापे कार्यालयाचा शिक्का दिसेल असा वळवून अंगणात ठेवला. त्यावर उशी ठेवली, आकडा शून्यावर आणला. साठ वर्षं गूळ तोलणाऱ्या त्या हातांनी जुईला अलगद उचलून उशीवर ठेवलं. संयुक्तानं गाडीवरचा कॉल फोनवर घेतला आणि फोन वरून धरला. गवाणकरही तिकडून वाकून बघत होते.

बारा किलो एकशे दहा.

मग काका पुटपुटले, "सहाशेदहा वाढलंय," आणि अभिनंदन काट्यापाशी उकिडवाच बसला. दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं प्रत्येक तारखेला डॉक्टर साडेअकरा लिहायचे आणि खाली रेघ मारायचे. सकाळपासून हा वाढलेला आकडा गाडीच्या पडद्यावर होता. संयुक्ता त्याच्यावर चिडत होती, त्यातून बाटली आणि बूट वजा करत होती, आणि तो काय सांगतोय हे तिनं वाचलंच नव्हतं.

"मॅडम," गवाणकर म्हणाले, "वजन घेतो. पण गुळाचं मला लिहावंच लागेल. दोन वाटा आहेत. मूळ चाकं परत बसवा, मग कुठंही, कुणालाही घेऊन फिरा. किंवा हीच चाकं ठेवा, पण आसनावर कॅमेरा बसेल. ती नसताना गाडी एक फूट हलणार नाही. याहून जास्त माझ्या हातात नाही हो."

"तुझं मेडिकल?" अभिनंदन हळूच म्हणाला.

संयुक्ता बघत राहिली. दहा ते एक. काउंटरवर 'मॅडम' म्हणणारी माणसं, औषधांचे वास, स्वतःच्या नावाचा पांढरा कोट. आता शाळेच्या फाटकाबाहेर गाडीत बसून रोज तीन तास. तिला पडद्यावरच्या या माणसाचा राग आला, यंत्राचा आला, नियम लिहिणाऱ्याचा आला, ज्यानं कधी कुणाला शाळेत सोडलं नसणार. आणि तरी ठरवायला तिला एवढाही वेळ लागला नाही.

"चाकं राहू देत," ती म्हणाली. "पण तुमच्या त्या कागदावर माझी तक्रारही लिहा. मुलीला सोडून परत येणं हाही तिचाच प्रवास असतो. मी वर जाणार आहे यावर."

"जा. मीच पत्ता देतो." त्यांनी पहिल्यांदाच हसल्यासारखं केलं आणि टाइप करू लागले. दहा वाजून वीस झाले होते. संयुक्तानं जुईला स्वेटर घातला, खुर्चीत बसवलं, एकेक पट्टा लावला. अभिनंदन तिच्या शेजारी मागं बसला.

"एक शेवटचं. वजनवाढीचं कारण. यादीत तीन आहेत : जादा कपडे, जादा सामान, यंत्रदोष. कोणतं टाकू?"

"अहो, ती वाढलीय."

"ते कळलं मला. पण 'वाढ' असं कारण यादीत नाहीये, मॅडम."

संयुक्तानं गाडीचा दरवाजा ओढून घेतला.

"मग यादीत घाला," ती म्हणाली. "लवकर घाला. आम्हाला उशीर होतोय."